गाजर गवत आणि कातडीवरील काळे डाग

शेतात राबणाऱ्याचा चेहरा उन्हाने रापतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु तोंडावर, मानेवर काळे चट्टे उठले की सारा दोष उन्हाला देणे बरोबर नाही. पुष्कळदा खरे कारण बांधावरच उभे असते. ते म्हणजे गाजर गवत.

हे तण मूळचे अमेरिका खंडातील. १९५५ च्या सुमारास ते पुण्यास आढळले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या अंगावरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. गवत उपटताना ते हातांना लागते. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्याने उडून पापण्यांवर, मानेवर व कोपराच्या घडीत बसतो. सर्वांनाच त्रास होतो असे नाही. मात्र ज्याला त्याचे वावडे जडले, त्याला पुढे अल्प संपर्कही बाधतो. प्रथम खाज व लाली येते. पुढे कातडी जाड व काळी पडते. दाहामुळे कातडीतील रंगद्रव्य वाढते, म्हणून खाज शमली तरी डाग कित्येक महिने राहतो.

यास्तव आधी दाह थांबवावा. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने प्रारंभी बरे वाटते. पण डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते लावीत राहिल्यास कातडी पातळ होते व मलम सोडताच त्रास उलटतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी डागांतील फरक ओळखावा. दोन्ही गालांवर सारखे पसरलेले, खाज नसलेले डाग हे बहुधा वांग असतात. फिकट अथवा तांबूस चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन त्या व्यक्तीस त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे औषध विनामूल्य मिळते व रोग बरा होतो.

गाजर गवताच्या एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. म्हणून ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असतानाच मुळासकट उपटावे. हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, नाकतोंड झाकावे व काम संपताच साबणाने अंग धुवावे. वावडे असलेल्यास हे काम देऊ नये. फुलोऱ्यापूर्वीच्या गवताचे कंपोस्ट करता येते. पडीक जागेत टाकळा पेरल्यास तो गाजर गवतास वाढू देत नाही. पावसाळ्यात मेक्सिकन भुंगे त्याची पाने खातात. त्यांना मारू नये.

एकट्याने आपला बांध स्वच्छ करून भागत नाही, कारण वारा शेजारच्या शेतातूनही येतो. साऱ्या गावाने एकाच वेळी हे काम हाती घ्यावे.