येलचे नर्सिंग स्कूल: वॉर्डातून विद्यापीठात

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे न्यू हेवन हे शहर येल विद्यापीठामुळे जगाला माहीत आहे. कनेक्टिकट राज्यातल्या या शहराने नर्सिंगच्या इतिहासात दोनदा जागा मिळवली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या धर्तीवरच्या अमेरिकेतल्या पहिल्या तीन प्रशिक्षण शाळा १८७३ साली निघाल्या. न्यूयॉर्क आणि बोस्टनबरोबर तिसरी होती न्यू हेवनची कनेक्टिकट ट्रेनिंग स्कूल. पन्नास वर्षांनी, १९२३ मध्ये, तिच्या जागी येल विद्यापीठाचे नर्सिंग स्कूल सुरू झाले.

हा बदल नुसता पाटी बदलण्याचा नव्हता. त्या काळी रुग्णालये चालत ती शिकाऊ मुलींच्या कष्टांवर. अंथरुणे बदलणे, बेडपॅन, झाडलोट, रात्रपाळी हे सगळे त्यांनी करायचे आणि ड्यूटी संपल्यावर डोळ्यांवर झोप असताना व्याख्यान ऐकायचे. शिक्षण पूर्ण झालेल्या बहुतेक नर्सना रुग्णालयात नोकरी नसे; त्या श्रीमंत घरांतल्या रुग्णांची खासगी शुश्रूषा करीत. नव्या तुकडीच्या रूपाने स्वस्त मनुष्यबळ मिळत असताना पगारी नर्स कशाला ठेवायच्या, हा सरळ हिशेब होता.

या हिशेबावर बोट ठेवले ते रॉकफेलर फाउंडेशनने नेमलेल्या समितीने. येलमधले सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक विन्स्लो तिचे अध्यक्ष होते. पाहणीचे काम जोसेफीन गोल्डमार्क यांच्याकडे होते. त्या नर्स नव्हत्या. कारखान्यांतल्या कामगारांच्या थकव्याचा अभ्यास करून त्यांनी नाव मिळवले होते. कामाचे तास मोजण्याची सवय असलेली नजर वॉर्डात गेली, हे योग्यच झाले. १९२३ च्या अहवालाने सांगितले, की विद्यार्थिनींचा वेळ रुग्णालयाच्या गरजेवर खर्च होतो, शिकण्यावर नाही. एकदा शिकून झालेले काम पुन्हा पुन्हा करून घेणे बंद केले, तर तीन वर्षांचा अभ्यासक्रम २८ महिन्यांत बसतो, असाही निष्कर्ष निघाला.

येलमध्ये रॉकफेलरच्या पैशाने हाच प्रयोग झाला. नर्सिंग शिक्षण विद्यापीठात नेण्याचा प्रयत्न त्याआधी मिनेसोटा विद्यापीठाने १९०९ मध्ये केला होता. येलचे वेगळेपण स्वायत्ततेत होते: स्वतःचा डीन, स्वतःचे अध्यापक, स्वतःचे अंदाजपत्रक. मुली वॉर्डात जात, पण कोणत्या वॉर्डात किती दिवस जायचे ते स्कूल ठरवी. पहिल्या डीन होत्या अ‍ॅनी गुडरिच. पहिल्या महायुद्धात लष्कराचे नर्सिंग स्कूल त्यांनीच उभे केले होते. येलच्या कोणत्याही शाखेच्या डीनपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री. येल कॉलेजात पदवीसाठी मुलींना प्रवेश मिळाला तो १९६९ मध्ये, म्हणजे त्यांच्या नेमणुकीनंतर ४६ वर्षांनी!

प्रयोग जमला असे पाहून फाउंडेशनने १९२९ मध्ये १० लाख डॉलरचा कायम निधी दिला. १९३४ पासून प्रवेशासाठी आधीची पदवी आवश्यक झाली. भारतात नर्सिंगचे पहिले पदवी अभ्यासक्रम दिल्ली आणि वेल्लोर इथे १९४६ साली सुरू झाले, हे लक्षात घेतले की ही अट किती पुढची होती ते कळते.

१९५० च्या दशकात विद्यापीठाने नर्स घडवण्याचा मूळ अभ्यासक्रम बंद करायचे ठरवले. आधीच नर्स असलेल्यांसाठी पदव्युत्तर शिक्षण तेवढे उरले. माजी विद्यार्थिनींना हा घाव वाटला असेल, पण स्कूलचा वैचारिक बहर याच काळातला आहे. व्हर्जिनिया हेंडरसन १९५३ मध्ये इथे आल्या आणि १९०० ते १९५९ या काळातल्या नर्सिंगविषयक लेखनाची चार खंडांची सूची त्यांनी तयार केली. ताकद, इच्छा आणि ज्ञान असते तर माणसाने स्वतःच केले असते ते त्याच्यासाठी करणे, आणि त्याला लवकर स्वावलंबी करणे, ही त्यांची नर्सिंगची व्याख्या जगभर शिकवली जाते. आयडा ऑर्लँडो यांनी नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या प्रत्यक्ष संवादाचा अभ्यास केला. अर्नेस्टीन विडेनबाख यांनी प्रसूतिसेवेचे शिक्षण सुरू केले.

सर्वांत दूरवर पोचला तो फ्लॉरेन्स वॉल्ड यांचा निर्णय. त्या १९५९ पासून डीन होत्या. १९६३ मध्ये लंडनच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स येलला व्याख्यानासाठी आल्या. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाच्या वेदना कशा कमी करता येतात, हे त्यांनी मांडले. वॉल्ड यांनी पुढे डीनपद सोडले, लंडनला जाऊन सॉन्डर्स यांचे काम पाहिले आणि परतल्यावर सहकाऱ्यांसह अशा रुग्णांच्या शुश्रूषेसाठी कनेक्टिकट हॉस्पिस उभे केले. १९७४ मध्ये त्याची सेवा रुग्णांच्या घरी सुरू झाली. अमेरिकेतले हे पहिले हॉस्पिस.

त्याच वर्षी स्कूलने दुसऱ्या विषयांतल्या पदवीधरांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला आणि नवशिक्यांना पुन्हा दार उघडले. इतिहास किंवा साहित्य शिकलेली व्यक्ती त्यातून थेट नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून उपचार करू शकणारी नर्स, होऊ लागली.

पुढे स्कूलची जागाही बदलली. बायर या औषध कंपनीचा १३६ एकरांचा परिसर येलने २००७ मध्ये विकत घेतला. तो शेजारच्या वेस्ट हेवन आणि ऑरेंज या गावांत पसरलेला आहे. नर्सिंग स्कूल २०१३ मध्ये तिथे हलवण्यात आले.