तर्कदोष कशाला म्हणावं आणि कशाला नाही

टीव्हीवरच्या चर्चेत एकाने दुसऱ्याच्या बोलण्यातला तर्कदोष पकडला की वाद जिंकल्यासारखं वाटतं. मूळ प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो. तर्कदोषाबद्दलचे आपले काही समज तपासायला हवेत, आणि त्यासाठी आजच्या भाषणांपेक्षा १८९१ चा संमतिवयाचा, म्हणजे मुलीच्या शरीरसंबंधासाठीच्या किमान वयाचा, वाद मला अधिक उपयोगी वाटतो. आजचं उदाहरण घेतलं की वाचक आधी पक्ष बघतो, मग तर्क.

१८६० च्या दंडसंहितेत संमतिवय दहा वर्षं होतं, विवाहित मुलींसाठीही तेवढंच. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे दगावली. तिचं वय दहाच्या वर असल्याने त्याच्यावर बलात्काराचा आरोप लागूच शकला नाही. संमतिवय बारा करणारं विधेयक पुढच्या वर्षी आलं. तेलंग, भांडारकर, आगरकर त्याच्या बाजूने उभे राहिले. टिळकांच्या ‘केसरी’ने कडाडून विरोध केला. दोन्हीकडे विद्वानच होते, त्यामुळे तर्कदोष हा अडाण्यांचा प्रांत आहे, हा समज इथेच सोडून देऊ.

गैरसमज: बोलणाऱ्याबद्दल काहीही बोलणं हा तर्कदोषच.

बालविवाहाविरुद्ध १८८४ पासून झगडणारे बेहरामजी मलबारी पारशी होते. हिंदूंच्या घरात पारशाने का डोकावावं, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. हा सरळ तर्कदोष आहे, कारण दहा वर्षांच्या मुलीच्या शरीराला इजा होते की नाही, याचं उत्तर मलबारींच्या धर्मावर अवलंबून नाही. पण एखाद्या कंत्राटाची तरफदारी करणाऱ्या मंत्र्याच्या भावाचीच ती कंपनी असेल, तर ते विचारणं रास्त आहे. तिथे आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवत असतो. मात्र त्याने कागदपत्रं पुढे केली, तर ती तपासावीच लागतात. भाऊ कोण, एवढ्यावर कागद खोटे ठरत नाहीत.

गैरसमज: ‘आज हे, उद्या ते’ असं म्हणणं नेहमीच चूक.

विधेयकाच्या विरोधकांची मोठी भीती हीच होती: परकीय सरकारला आज धर्मात हात घालू दिला, तर उद्या ते काहीच शिल्लक ठेवणार नाही. ही भीती निराधार नव्हती. सतीबंदी १८२९ ची, विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. सरकारचा हात आधीच पोचलेला होता. आणि ज्यांच्यासाठी कायदा करायचा त्यांना राज्यकर्ते निवडण्याचा अधिकारच नव्हता, हा टिळकांच्या बाजूचा मुद्दा मला आजही वजनदार वाटतो. पण अशा तर्काला एका पायरीवरून दुसरीवर माणूस का घसरेल, याचं कारण द्यावं लागतं. संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला. लग्नाच्या वयाचा कायदा त्यानंतर थेट १९२९ मध्ये आला, आणि तो मांडला हरबिलास सारडा या भारतीय सभासदाने. सुधारणा पुढे गेली, पण भाकीत होतं त्या वाटेने नव्हे. भीती प्रामाणिक असूनही साखळीतली मधली कडी सिद्ध झालेली नव्हती.

गैरसमज: तर्क शुद्ध असला की निष्कर्ष खरा, तर्कात दोष असला की खोटा.

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. विरोधकांचा धार्मिक युक्तिवाद असा होता: पहिल्या ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान (पहिल्या समागमाचा संस्कार) करणं शास्त्राने बंधनकारक आहे, काही मुलींना बाराच्या आत ऋतू येतो, म्हणून हा कायदा धर्म मोडायला लावतो. यात तर्कदोष नाही. पहिली दोन विधानं मान्य केली तर तिसरं टाळता येत नाही. म्हणूनच भांडारकरांनी नुसता निषेध केला नाही. ग्रंथ उघडून त्यांनी पहिल्या विधानालाच हात घातला आणि गर्भाधान लांबवायला शास्त्रात आधार आहे, असं मांडलं. टिळकांनीही त्याला ग्रंथांच्याच आधारे उत्तर दिलं. एवढी मेहनत आज किती जण घेतात?

उलट बाजूही खरी आहे. एखादा सुधारक चुकीच्या कारणाने कायद्याच्या बाजूने बोलला असता, तरी दहा वर्षांच्या मुलीला संरक्षण हवंच होतं. दोष सापडला म्हणजे त्या कारणाने निष्कर्ष सिद्ध होत नाही, एवढंच कळतं.

गैरसमज: तर्कदोषांची यादी ही पाश्चात्त्यांची देणगी.

गौतमाच्या न्यायसूत्रांत पाच हेत्वाभास, म्हणजे वरवर खरे भासणारे सदोष हेतू, आहेत, शब्दांचा अर्थ फिरवून केलेल्या छलाचे तीन प्रकार आहेत, आणि सत्यासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याची मोडणारी वितंडा यांत स्पष्ट फरक केलेला आहे. टीव्हीवरच्या चर्चांना यांतला तिसरा प्रकार नेमका लागू पडतो.

गैरसमज: दोनच पर्याय पुढे ठेवले की वक्ता स्पष्टवक्ता.

त्या काळी विचारलं जाई, आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक? न्यायमूर्ती रानड्यांनी हा प्रश्न कृतीने खोटा ठरवला होता. १८८७ पासून त्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून भरत असे. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचा मंडप परिषदेला द्यायला टिळकपक्षाने विरोध केला आणि परिषद वेगळ्या मंडपात भरवावी लागली. दोन्ही कामं आठ वर्षं शेजारी-शेजारी चालली होती. त्यांतलं एकच निवडा, हा आग्रह माणसांनी धरला होता.