परीक्षा नव्हे, उजळणी

हदगाव तालुक्यातली मुलं दहावीनंतर लातूरला जातात, ती तिथल्या सराव परीक्षांच्या ख्यातीमुळे. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून नावाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’चा कणाच सततच्या चाचण्या हा आहे.

त्यामागे पक्कं विज्ञान आहे. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एक उतारा दोनदा वाचायला दिला; इतरांनी तो एकदाच वाचला आणि मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. आठवण्याच्या प्रयत्नातच स्मृती घट्ट होते.

मग हे हदगावच्या वर्गातच का नको? शिक्षकाने तास सुरू होताच मागच्या आठवड्यातले तीन प्रश्न विचारावेत. वह्यापुस्तकं बंद, सगळ्यांनी लिहायचं, गुण नाहीत. हात वर करणाऱ्या दोघा-तिघांवर भागवलं, तर बाकीचा वर्ग आठवण्याची मेहनतच करत नाही. उत्तरं लगेच तपासावीत, नाहीतर चूकच पक्की होण्याचा धोका.

शिक्षकासाठी सर्वांत मोलाच्या त्या चुकाच. निम्म्या वर्गाने अपूर्णांकांची बेरीज एकाच पद्धतीने चुकवली, तर उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते कळतं.