साप साप म्हणून भुई धोपटणें : ‘१९४१’ या युद्धप्रहसनाचे दोन प्रेक्षक

युद्धाविषयीं हंसावें कीं हंसू नये, हा वाद जवळजवळ चित्रपटाइतकाच जुना आहे. १९१८ सालीं, पहिलें महायुद्ध अद्याप संपलें नव्हतें तेव्हां, चार्ली चॅप्लिननें खंदकांतील शिपायाच्या जिण्यावर ‘शोल्डर आर्म्स’ हा मूकपट काढला. असा विषय हंसण्यावारी नेणें धोक्याचें आहे, असें त्याच्या स्नेह्यांनीं त्याला बजावलें होतें. परंतु तो पट लोकांनीं, आणि त्यांतहि शिपायांनीं, डोक्यावर घेतला. पुढें साठ वर्षांनीं, दुसरें महायुद्धहि संपून एक पिढी उलटल्यावर, युद्धावरचेंच एक धांगडधिंग्याचें प्रहसन अमेरिकेंत निघालें. आणि या वेळीं मात्र, विषय थंड झालेला असूनहि, प्रेक्षकांत उभी फूट पडली. हें प्रहसन म्हणजे स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘१९४१’ हा चित्रपट. १९७९ च्या डिसेंबरांत तो पडद्यावर आला. त्याच्याविषयींचा वाद अजूनहि पुरता मिटलेला नाहीं.

या वादाचें मर्म समजण्यासाठीं आधीं मूळ इतिहास पाहिला पाहिजे. कारण या पटांतील वेडेपणाचा पुष्कळसा भाग लेखकांच्या डोक्यांतून निघालेला नसून खरोखरीच घडलेला आहे. ता. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि अमेरिकेचा सारा पश्चिम किनारा भीतीनें ग्रासला गेला. पुढचा घाला आपल्यावरच पडणार, असें जो तो धरून चालला. ता. २३ फेब्रुवारी १९४२ च्या संध्याकाळीं, अध्यक्ष रूझवेल्ट यांचें भाषण नभोवाणीवर चालू असतांनाच, एक जपानी पाणबुडी सांता बार्बारानजीक पाण्यावर आली आणि तिनें एलवुड येथील तेलाच्या विहिरींवर गोळे टाकले. प्राणहानि झाली नाहीं, नुकसानहि किरकोळच झालें. पण लोकांच्या मनाला बसायचा तो धक्का बसला. लागलीच पुढच्या रात्रीं लॉस एंजेलिसमध्यें धोक्याचे भोंगे वाजले, दिवे मालवले गेले, आणि शोधदीपांच्या झोतांत काय दिसलें तें नक्की न कळतांच विमानविरोधी तोफांनीं पहांटेच्या सुमारास १४०० हून अधिक गोळे आकाशांत झाडले. उजाडल्यावर पाहावें तों शत्रूच्या विमानाचा मागमूसहि नाहीं! गोळ्यांचे तुकडे मात्र घरांवर येऊन पडले होते, आणि अंधारांतील मोटारींच्या अपघातांनीं व हृदयक्रिया बंद पडून पांच माणसें दगावलीं होतीं. हा सारा खोटा इशारा होता, असें आरमारमंत्री फ्रँक नॉक्स यांनीं सांगून टाकलें. ‘साप साप म्हणून भुई धोपटणें’ याचें याहून चोख उदाहरण सांपडणें कठीण.

रॉबर्ट झेमेकिस व बॉब गेल या तरुण लेखकांनीं ही रात्र उचलली, ती मागें ओढून पर्ल हार्बरनंतरच्या सहाव्या दिवसावर नेऊन ठेवली, आणि तिच्याभोवतीं पांचसहा धागे गुंफले. एक जपानी पाणबुडी किनाऱ्याशीं येते. तिच्या कप्तानाला (तोशिरो मिफुने) हॉलीवुडवर हल्ला करून नांव मिळवावयाचें आहे, पण तिचें होकायंत्रच बिघडलेलें. आकाशांत एक अर्धवट वैमानिक (जॉन बेलुशी) तोंडांत चिरूट धरून जपानी विमानें शोधीत हिंडतो, आणि अखेर स्वदेशाच्याच विमानावर गोळ्या झाडतो. किनाऱ्यावरील एका सद्गृहस्थाच्या (नेड बीटी) अंगणांत लष्कर विमानविरोधी तोफ आणून ठेवतें. तिला हात लावूं नका असें बजावलेलें असतांहि तो पाणबुडीवर नेम धरतो, आणि देशसेवेच्या भरांत स्वतःच्याच घराच्या चिंधड्या उडवितो. रणगाडा रंगाच्या कारखान्यांतून आरपार जातो. समुद्रकांठच्या करमणुकीच्या बागेंतलें प्रचंड फिरतें चक्र निखळून गडगडत पाण्यांत शिरतें. आणि या सगळ्या गोंधळांत सेनापति स्टिलवेल (रॉबर्ट स्टॅक) चित्रपटगृहांत बसून ‘डंबो’ या हत्तीच्या पिलाची कथा पाहत डोळे पुशीत आहेत!

ज्यांना हा पट आवडला नाहीं त्यांचे आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला देशाभिमानाचा. सेनापतीच्या भूमिकेविषयीं आधीं जॉन वेन यांना विचारण्यांत आलें होतें. हें कथानक देशाला कमीपणा आणणारें आहे, तें हातीं घेऊं नका, असें त्यांनीं उलट सुनावलें, अशी हकीकत स्पिलबर्ग यांनींच पुढें सांगितली आहे. दुसरा आक्षेप कलेचा, आणि तोच अधिक वजनदार आहे. पडणाऱ्याला हंसावयाचें तर तो माणूस ओळखीचा असावा लागतो. ‘शोल्डर आर्म्स’ मध्यें चॅप्लिन झाडाच्या खोडाचें सोंग घेऊन शत्रूच्या मुलखांत शिरतो, आणि नेमका त्याच खोडावर एक जर्मन शिपाई सरपणासाठीं कुऱ्हाड उगारतो. प्रेक्षकाचा जीव त्या एकट्या जीवांत गुंतलेला असतो, म्हणूनच हंसूं फुटतें. ‘१९४१’ मध्यें माणसांपेक्षां घरें, विमानें आणि कारखानेच अधिक कोसळतात. मोडतोड जेवढी मोठी तेवढें हंसूं मोठें, असा हिशेब येथें धरलेला आहे आणि तो चुकला आहे, असें या पक्षाचें म्हणणें. तासाभरांत कान किटतात. पाहणारा प्रथम थक्क होतो आणि नंतर नुसताच थकतो.

चाहत्यांचा पक्ष याला उत्तर देतो, कीं गोंधळ हा या पटाचा दोष नसून तोच त्याचा विषय आहे. पाहा, शत्रूच्या हातून फारसें कांहींच घडत नाहीं. विध्वंस बहुतेक सारा शहर आपल्याच हातांनीं करून घेतें. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस लागतो तो बाहेरून येत नाहीं. जी रात्र सबंध शहराला वेड लावून गेली, तिचें चित्र निवांत व नीटस कसें असावें? शिवाय कारागिरी पाहावी. संगणकानें चित्रें रचण्याचा काळ अजून यावयाचा होता; रस्ते, विमानें आणि तें फिरतें चक्र यांच्या लहान प्रतिकृति हातांनीं बांधून हीं दृश्यें घेतलेलीं आहेत. छायालेखन, ध्वनि व दृश्यचमत्कृति या तिन्ही अंगांसाठीं हा पट अकादमीच्या पारितोषिकाच्या स्पर्धेंत होता. तो साफ बुडाला ही समजूतहि खरी नव्हे; सुमारें साडेतीन कोटि डॉलर खर्चून त्यानें त्याहून अधिक मिळविलें. पण ‘जॉज’ आणि ‘क्लोज एन्काउंटर्स’ या आधींच्या दोन पटांच्या विक्रमापुढें तें यश अपयशासारखें दिसलें, इतकेंच. मूळ ११८ मिनिटांचा हा पट पुढें १४६ मिनिटांच्या रूपांतहि निघाला, आणि त्यांत पात्रांना अधिक जागा मिळाल्यामुळें चाहत्यांचा पक्ष बळावला.

दोन्ही पक्षांचें ज्या स्थळीं एकमत होतें, तेथें या वादाची किल्ली सांपडते. शिपायांच्या नाचघरांत नृत्याची चढाओढ चालू असते. एक पोरगा आपल्या मैत्रिणीबरोबर नाचतां नाचतांच मागें लागलेल्या एका धटिंगण शिपायाला हुलकावण्या देतो. येथेंहि आदळआपट आहेच. पण त्या पोराला कांहीं तरी हवें आहे, आणि तें आपल्याला कळतें. तसेंच त्या घरधन्याचें. सारें घर खिळखिळें झालेलें असतां तो शेवटीं मोठ्या ऐटीनें दारावर नाताळची पुष्पमाला ठोकतो, आणि तेवढ्या हादऱ्यानें उरलेलें घर कड्यावरून समुद्रांत घसरतें. हंसूं येतें तें घर पडल्यामुळें नव्हे, तर पुष्पमालेमुळें. जेथें जेथें पटाला अशी पुष्पमाला सांपडली आहे तेथें चाहते खरे ठरतात. जेथें नुसतें घरच आहे तेथें टीकाकार.

परंतु या वादांत एक गोष्ट बहुधा मागेंच राहते. त्या भीतीची खरी किंमत पडलेल्या कौलांत किंवा वाया गेलेल्या गोळ्यांत मोजतां येत नाहीं. एलवुडवर गोळे पडण्यापूर्वी चारच दिवस, ता. १९ फेब्रुवारी १९४२ रोजीं, रूझवेल्ट यांनीं ९०६६ क्रमांकाच्या हुकुमावर सही केली होती. त्याच्या आधारें जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० माणसांना घरें, दुकानें, शेतें सोडून पहाऱ्यांतील छावण्यांत राहावें लागलें. त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश माणसें अमेरिकेचींच नागरिक होतीं. १९८८ सालीं अमेरिकेनें कायदा करून त्यांची क्षमा मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकीं २०,००० डॉलर देऊं केले. ‘१९४१’ च्या कोणत्याहि मुख्य धाग्यांत हीं माणसें येत नाहींत.

प्रहसनाकडे इतिहासाचा सगळा हिशेब मागूं नये, हें खरें. तथापि चॅप्लिनचेंच दुसरें उदाहरण येथें आठवण्यासारखें आहे. १९४० सालीं त्यानें ‘द ग्रेट डिक्टेटर’ काढून हिटलरची टर उडविली. परंतु नाझी छावण्यांतील खऱ्या भीषणतेची कल्पना असती तर तो पट आपल्या हातून झाला नसता, असें त्यानें १९६४ सालच्या आत्मचरित्रांत नमूद केलें. त्याला जें ठाऊक नव्हतें त्याबद्दल त्यानें मागाहून खेद केला. १९७९ मध्यें अमेरिकेंतील छावण्यांची हकीकत कोणालाहि नवी नव्हती.

म्हणून देशाचा अपमान झाला, हा आक्षेप टिकत नाहीं. भ्यालेल्या शहराला हंसणें हा अपमान नव्हे. उलट तेंच शहर पुन्हां भ्यालें तर त्याच्या कामीं येणारें तें औषध आहे. औषध कमी पडलें तें मात्रेंत. भुई धोपटणाऱ्यांची फजिती या पटानें भरपूर दाखविली. त्यांच्या काठ्या ज्यांच्या पाठींवर उतरल्या, त्यांच्या एखाद्या रिकाम्या घराचें बंद दार त्या गल्लींतून धांवतांना क्षणभर दिसलें असतें, तर हंसणारा प्रेक्षक घरीं जातांना कांहीं वेळ गप्प बसला असता. आणि मग कदाचित् या पटाला दोन पक्ष पडलेहि नसते.