उभ्या मोटारीचे एंजिन का गुदमरते?

अमेरिकेतील पॅकर्ड कंपनीने १९४० सालच्या आपल्या मोटारींत वातानुकूलन यंत्र प्रथमच कारखान्यातून बसवून दिले. त्यातील काँप्रेसर एंजिनाच्या पट्ट्यावर सतत फिरत असे. तो थांबवावयाचा तर गाडी उभी करून, बॉनेट उघडून, पट्टा हाताने उतरवावा लागे. पुढे विद्युच्चुंबकी क्लच आला आणि बटण दाबताच हा भार एंजिनावर टाकता व काढता येऊ लागला. सोय झाली खरी. परंतु आता तो भार एकाएकी येऊन पडू लागला, आणि तोही पुष्कळदा एंजिन अगदी दुबळे असते अशा क्षणी.

एंजिन दुबळे केव्हा असते? आपल्या देशात १९८३ साली आलेली मारुति ८०० ही गाडी उदाहरणादाखल घेऊ. तिचे एंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरांचे. त्याची शक्ती सदतीस अश्वशक्तीच्या आसपास सांगितली जाते; पण ती मिनिटास पाच हजारांच्या आसपास फेरे होत असता मिळते. सिग्नलपाशी गाडी उभी असताना एंजिन मिनिटास आठशे ते हजार फेरेच घेते. या गतीस कारागीर ‘आयडलिंग’ म्हणतात. आपण तीस मंदगती म्हणू. मंदगतीत थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि आत येणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण एंजिनाचे स्वतःचे घर्षण भागविण्यापुरतेच असते. शिल्लक अशी काही नसते. अशा वेळी काँप्रेसर एक-दोन अश्वशक्ती मागू लागला, तर एंजिनाने ती आणावी कोठून?

वाफेच्या एंजिनाची गती आपोआप राखण्यासाठी जेम्स वॅटने १७८८ साली फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक वापरला होता. गती मंदावली की गोळे खाली येत आणि वाफेची झडप अधिक उघडे. कार्ब्युरेटरच्या मोटारीत मंदगतीसाठी असा नियंत्रक नाही. तेथे रचनाकारांनी निराळी युक्ती योजली. वातानुकूलनाचे बटण दाबले की एक लहानशी विद्युत-झडप उघडते, मॅनिफोल्डमधील निर्वात एका रबरी नळीने पडद्याच्या डबीपर्यंत पोहोचतो, पडदा ओढला जातो आणि त्यास जोडलेली दांडी थ्रॉटलला किंचित ढकलते. ही डबी गती मोजीत नाही. भार येणार हे गृहीत धरून ती आगाऊ तरतूद करते, इतकेच.

गाडी पंधरावीस वर्षांची झाली की उन्हाळ्यात तक्रार येते: थंड हवा सुरू करताच एंजिन थरथरते आणि चौकात बंद पडते. हा केवळ त्रास नव्हे. गाडी हळू होत असतानाच एंजिन थांबले, तर निर्वाताच्या साहाय्याने चालणारे ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर जड होतात. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे मंदगतीचा स्क्रू फिरवून गती वाढविणे. आमच्या मते हा उपचार नसून लपवाछपवी आहे. वातानुकूलन बंद असता एंजिन विनाकारण घोंघावते, पेट्रोल वाया जाते आणि मूळ दोष जागेवरच राहतो.

दोष शोधावयाचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. गिअर काढून हातब्रेक ओढावा, आणि पट्टा व पंखा यांपासून हात व सैल कपडे दूर ठेवावेत. विजेचा पंखा कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होतो. एंजिन पुरते तापल्यावर, वातानुकूलन बंद ठेवून, प्रथम केवळ पुढचे मोठे दिवे लावावेत. तेवढ्यानेही एंजिन डळमळले, तर वातानुकूलनाने रोग निर्माण केलेला नाही, उघडा पाडला आहे.

दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. एंजिन थांबवून काँप्रेसरच्या क्लचकडे जाणारी तार सोडवावी, मग एंजिन सुरू करून वातानुकूलनाचे बटण दाबावे. आता पंखे फिरतील, पण काँप्रेसर फिरणार नाही. बहुतेक गाड्यांत डबी मात्र आपले काम करील. म्हणजे भार न आल्यामुळे एंजिनाची गती थोडी वाढली पाहिजे. ती वाढली, तर डबी ठीक आहे. दांडी हललीच नाही, तर विद्युत-झडपेस वीज मिळते काय, नळीस भेग पडली आहे काय आणि पडदा फाटला आहे काय, हे क्रमाने पाहावे. नळी काढून तोंडाने ओढून धरावी. पडदा शाबूत असल्यास दांडी ओढलेली राहते. उष्णतेने रबर कडक होऊन चिरते, म्हणून पुष्कळदा दोष त्या स्वस्त नळीतच सापडतो.

डबी ठीक असून एंजिन डळमळत असेल, तर एंजिनाकडे वळावे. कार्ब्युरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून वा ब्रेकच्या नळीतून चोरटी हवा आत शिरली, की मिश्रण पातळ होते. रबरी नळीचे एक टोक कानास लावून दुसरे सांध्यांजवळून फिरविले असता तो ‘सूं’ असा आवाज पकडता येतो. काही लोक सांध्यावर पेट्रोल शिंपडून पाहतात. तापलेल्या एंजिनावर हे सरळ आगीशी खेळणे होय. प्लगही पाहावेत. तीन सिलिंडरांपैकी एक नीट पेटत नसेल, तर एक तृतीयांश शक्ती गेलीच.

गती केव्हा पडते, हेही ध्यानात घ्यावे. क्लचचा ‘टक्’ आवाज होताच पडली, तर वरील कारणे संभवतात. पण गाडी उभी राहून काही मिनिटे झाल्यावर ती हळूहळू पडत असेल, तर काँडेन्सरपुढील पंखा तपासावा. उभ्या गाडीस वारा लागत नाही. पंखा मंद असला की वायूचा दाब चढतो आणि काँप्रेसर फिरविणे अधिकाधिक जड होते. गरजेपेक्षा अधिक गॅस भरल्यानेही हेच घडते. उलट ‘टक्-टक्’ थोड्याथोड्या वेळाने होत राहिली, तर गॅस बहुधा कमी झालेला असतो. हे काम मात्र योग्य उपकरणे असलेल्या कारागिराकडेच सोपवावे. तो वायू हवेत सोडून देणे गैर आहे.

मारुति ८०० मध्ये २००० सालच्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन संगणकाच्या हुकमतीखालील इंधन-फवारणी आली. तो संगणक फेरे मोजून हवेची वाट कमीअधिक करतो. वॅटच्या गोळ्यांचेच काम ते. अशा गाडीत ती वाट काजळीने भरली, की गती सारखी वरखाली होऊ लागते. तेव्हा तेथे स्क्रू न शोधता वाट साफ करावी. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र सर्व दुरुस्ती झाल्यावर, एंजिन तापलेले, दिवे व वातानुकूलन बंद आणि पंखा थांबलेला असताना, मंदगती त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर लावावी. मग क्लचची तार जोडून बटण दाबावे आणि एंजिनाचा आवाज ऐकावा.