नोकरीच्या वाटा : भाग 7
ब्रेक आणि अनुभवाचा कागद

जाहिरातीतल्या अटींपैकी एक मागच्या आठवड्यात मुद्दाम बाजूला ठेवली होती : ‘अनुभव किमान 2 वर्षे’. तळेगाव ढमढेऱ्याच्या पोरांना सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव हे सगळे कारखाने रोजच्या येण्याजाण्यातले. शिक्रापूरच्या चाकण चौकात पहिल्या शिफ्टची बस धरणाऱ्यांना विचारून पाहा. अनुभव बहुतेकांकडे आहे, कागद नाही.

ठेकेदारामार्फत लागलेल्या पोराला सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देतात. काम कमी झालं म्हणूनच देतात असं नाही. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तरतूद होती की, बदली किंवा तात्पुरत्या कामगाराचे मागच्या 12 महिन्यांत 240 दिवस भरले, की त्याला कायम करायचं. 240 दिवस म्हणजे आठ महिने. कामगाराच्या सोयीसाठी घातलेला हा आकडा कंपन्यांनी कॅलेंडरवर खूण करायला वापरला. स्थायी आदेशांचा तो जुना कायदा जाऊन आता संहिता आली, पण अंगवळणी पडलेली रीत तशी लगेच जात नाही. ब्रेकनंतर दुसरं गेट, दुसरा ठेकेदार आणि पुन्हा ‘ट्रेनी’. चार वर्षांत पाच गेटं पाहिलेला फिटर मुलाखतीला बसला की एचआर विचारणार, “एवढ्या नोकऱ्या का सोडल्या?” उत्तर त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, हे विशेष.

मग पुरावा काय दाखवायचा? पीएफच्या पोर्टलवर आपल्या यूएएनखाली ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडा. ओळीमागून ओळ दिसेल, पण प्रत्येक ओळीत नाव ठेकेदाराच्या फर्मचं. ज्या कंपनीच्या लाइनवर उभं राहून पाय सुजले, तिचा पत्ताच नाही. कित्येकदा नोकरी सोडल्याची तारीखही कोरी. ही तारीख मात्र 2020 पासून सभासदाला स्वतः भरता येते. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने व्हावे लागतात. ती भरून टाका, नाहीतर पुढे पैसे काढताना अडतं.

तारखा कळल्या तरी काम कोणतं केलं हे त्यातून कळत नाही. त्यासाठी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचं कलम 56 आहे. केलेल्या कामाचा तपशील असलेलं अनुभव प्रमाणपत्र ठेकेदाराने द्यायचं आहे. ठेका कामगारांचं हे प्रकरण 50 किंवा जास्त ठेका कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतं. कलमात एक शब्द मात्र नीट वाचा : ‘मागितल्यास’.

घोडं तिथेच अडतं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीत लावणारा बहुधा हाच ठेकेदार असतो. त्याच्याकडे कागदासाठी तगादा लावायचा कुणी? एकट्याने मागण्यापेक्षा एका बॅचच्या पोरांनी मिळून, लेखी आणि शेवटचा हिशेब होण्याआधी मागितलेलं बरं.

पुढच्या आठवड्यात : नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारे.