एक मिलिमीटर, एक टँकर

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडलं. अख्खा एक टँकर! टँकर आला की हंडे घेऊन धावणारी गावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी हा हिशोब जरूर मांडून बघावा.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार घ्या. शिवार साधारण ९७७ हेक्टर, पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास. गुणाकार केला तर ३९० कोटी लिटर होतात, म्हणजे ३ लाख ९० हजार टँकर. अवर्षणप्रवण म्हणवल्या जाणाऱ्या एका लहानशा गावावर! हे गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पर्जन्यमापकाचा आकडा आणि विहिरींची पातळी बघायची, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला, तर जास्त पाण्याची पिकं नाहीत.

हे पाणी डोंगरउतारावर अडवायला सलग समतल चर खणतात. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल धरला, तर एका मीटरमागे १८० लिटर मावतात. एवढ्या शिवारावरचा फक्त एक मिलिमीटर पाऊस साठवायचा म्हटलं तरी ५४ किलोमीटर चर लागेल. मग एवढी मेहनत कशासाठी? तर चर भरतो, पाणी मुरतं, चर पुन्हा भरतो. आठवडाभर झड लागली तर तोच चर अनेकदा कामी येतो. तेवढाच पाऊस दोन तासांत कोसळला, तर चर एकदाच भरतो आणि उरलेलं पाणी माती घेऊन ओढ्याला लागतं.

हवामानबदलाचा घाव नेमका इथे बसतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात सर्वदूर अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हिवरे बाजारच्या दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात!

म्हणून नुसती वार्षिक सरासरी धरून पाणलोटाचा आराखडा करणं आता धोक्याचं आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, की आपल्याकडे अतिवृष्टी धरतात. पण ते ६५ मिलिमीटर दिवसभरात पडले की तासाभरात, यावर बांध टिकणार की फुटणार हे ठरतं. सांडव्याची रुंदी तासाच्या पावसावर बेतायला हवी.

आणि साठा शक्य तितका जमिनीच्या पोटात करावा, असं मी आग्रहाने म्हणेन. जायकवाडी धरण तुडुंब भरलं की पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. त्यातलं एक मिलिमीटर उडून गेलं, तरी ३५,००० टँकर वाफ झाली. उन्हाळ्यात एका दिवसात एक मिलिमीटरवर भागत नाही.